मुंबई ते न्यूयॉर्क : पावणेसहा तास

मुंबईहून न्यूयॉर्कला विमानाने पोचायला पावणेसहा तास लागतात, असं मी माझ्या बायकोला सांगितलं. तिने ते खरं मानलं आणि त्याच भरवशावर ती विमानात जाऊन बसली.

चूक म्हणाल तर एवढीच. बाकी सगळं मी चोख केलं होतं. तिच्या दोन्ही बॅगांना लाल फीत बांधली, पासपोर्टच्या तीन झेरॉक्स तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या, मुलीचा पत्ता एका पुठ्ठ्यावर जाड पेनाने लिहून तो तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात शिवून दिला. वेळेचं काम तर मी दुसऱ्या कोणावर सोपवणं शक्यच नव्हतं. भाईंदर पूर्वेला एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं टाइमकीपर होतो. दारात खिडकी, खिडकीत मी, आणि माझ्यासमोर पंचिंगचं मशीन. माणूस आत किती वाजता आला, बाहेर किती वाजता गेला, बाहेरच्या वेळेतून आतली वेळ वजा केली की झाले त्याचे तास. पाच मिनिटं उशीर झाला तर अर्धा तास कापायचा अधिकार मला होता आणि तो मी आनंदाने वापरत असे. रात्रपाळीवाले अकराला येऊन सकाळी सातला जायचे, तेव्हा तारीख बदलते म्हणून चोवीस मिळवून मग वजाबाकी करायची, हेही मला झोपेत करता यायचं. पुढे तो कारखाना बंद पडला. त्याची कारणं वेगळी.

तर जावयाने पाठवलेलं तिकीट मी चष्मा पुसून वाचलं. सुटण्याची वेळ रात्री एक वाजून पंचवीस मिनिटं. पोचण्याची वेळ सकाळी सात वाजून दहा मिनिटं. तारीख बघितली, तीच. म्हणजे चोवीस मिळवायचे नाहीत. सातदहातून एकपंचवीस गेले, पावणेसहा तास. कॅल्क्युलेटर लागला नाही.

आता कोणी म्हणेल, अहो, तिकडची वेळ वेगळी असते. ते मला ठाऊक नव्हतं असं नाही. मुलगी रोज सकाळी सातला फोन करते आणि "चला बाबा, झोपते" म्हणते, हे मी तीन वर्षं ऐकत होतो. पण तो झाला फोन. तिकीट ही वेगळी गोष्ट. तिकीट इथल्या माणसासाठी, गाडी इथून सुटणार, तर त्यावरची वेळ इथलीच असणार, असं मी गृहीत धरलं. आमच्या एसटीच्या तिकिटावर काय गुहागरची वेळ वेगळी छापतात?

तरीही मी पडताळणी केलीच. दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर सांगणाऱ्या वेबसाइट असतात, त्यातली एक उघडली. अंतर निघालं साडेबारा हजार किलोमीटर. त्याला पावणेसहाने भागलं, तर ताशी एकवीसशे-बावीसशे किलोमीटर वेग आला. क्षणभर दचकलो. मग म्हटलं, विमान आहे, चिपळूणच्या घाटातली लाल गाडी नव्हे. त्या वेबसाइटवर खाली 'प्रवासाचा वेळ' म्हणून पंधरा तासांच्या आसपासचा आकडाही होता. तिकिटावरही तसलाच काहीतरी आकडा होता. मी त्याचाही उलगडा केला. तीन तास आधी विमानतळावर जायचं, तपासणी, रांगा, तिकडे उतरल्यावर पुन्हा रांग, बॅगा, गाडीने घर. हा सगळा घरापासून घरापर्यंतचा हिशेब असणार. कंपन्या स्वतःची बाजू सांभाळून जास्तीच लिहितात. उलगडा करण्याची मला उपजत देणगी आहे. समोर सत्य असलं की मी त्याला पटेल असं दुसरं कारण लगेच शोधून देतो.

या पावणेसहा तासांवर एवढं काय अडलं होतं, ते सांगायला हवं.

मुलीला सातवा महिना लागला होता आणि डॉक्टरने तिला पडून राहायला सांगितलं होतं. उठायचं ते फक्त बाथरूमला जाण्यापुरतं. जावई दिवसभर कामावर. तिच्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. राहिलो आम्ही दोघं. त्यातला मी व्हिसाच्या खिडकीवरच गारद झालो. "तिकडे किती दिवस राहणार?" असं विचारल्यावर "मुलगी ठेवील तितके दिवस" असं मी हसत हसत सांगितलं. समोरची बाई हसली नाही. बायकोला वेगळ्या दिवशी बोलावलं होतं. तिने विचारलं तेवढंच उत्तर दिलं आणि व्हिसा घेऊन आली. म्हणजे आता गेली तर तीच जाणार होती, आणि एकटी.

आणि ती तयार नव्हती.

तिला उंचीची भीती नाही, इंग्रजीचीही नाही. भाईंदर पश्चिमेला तीस वर्षं भाजी घेऊन तिला मराठी, हिंदी, गुजराती आणि थोडी मारवाडी एकाच वाक्यात बोलता येते. तिची भीती वेगळी होती, आणि ती मीच तिला दिली होती. मुलगी दोन वर्षांची असताना आम्ही गणपतीला गावी निघालो होतो. मध्ये एका थांब्यावर ही खाली उतरली, शौचालयात गेली. जाताना मला सांगून गेली, "लक्ष ठेवा हं." मी मुलीला मांडीवर घेऊन लक्ष ठेवता ठेवता झोपलो. कंडक्टरने विचारलं, "आले का सगळे?" मी म्हणे झोपेतच "हो" म्हटलं. गाडी सुटली. ही पदर खोचून अर्धा फर्लांग अंधारातून गाडीमागे धावली. कोणीतरी मागच्या काचेतून बघितलं म्हणून गाडी थांबली. ती वर आली, माझ्या शेजारी बसली, आणि गाव येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही.

त्यानंतर तिने प्रवासात उतरणंच सोडलं. गावी जायचं त्या दिवशी दुपारच्या अर्ध्या कप चहानंतर पाणी बंद. गाडीत बसलं की कानाला स्कार्फ, तोंडात आवळासुपारी, डोळे मिटून बसायचं. दहा तासांनी गावाच्या फाट्यावर उतरली की मग घरी जाऊन तांब्याभर पाणी. आमच्याकडच्या कितीतरी बायका असाच प्रवास करतात, त्यामुळे कोणाला त्यात विशेष काही वाटत नाही.

"विमानात संडास असतो," मी सांगितलं.

"असू दे. एसटी थांबते तिथेही असतो."

"अगं, विमान तुला टाकून जाणार आहे का? हवेत कुठे उतरशील?"

"तुम्ही बोलूच नका," ती म्हणाली. मग बराच वेळ भाजी निवडत बसली. शेवटी विचारलं, "किती तास?"

"पावणेसहा."

तिने मान वर केली. "नक्की?"

"अगं, वजाबाकी आहे. गावाला जायला दहा तास लागतात, अमेरिकेला पावणेसहा. निम्म्यात काम."

"दहा तास मी काढते," ती म्हणाली. "अकरावा सांगू नका."

"अकरावा येतोय कुठे?" मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी तिने बॅग काढली. मला काय आनंद झाला! मुलीला फोन करून सांगितलं, आई येतेय. ती रडलीच. मग म्हणाली, "बाबा, प्रवास मोठा आहे हो. आईशी मी बोलू का नीट?"

"अजिबात नको," मी म्हणालो. "तू काहीतरी बोलशील आणि ती घाबरेल. प्रवासाचं खातं माझ्याकडे. तू फक्त पडून राहा."

तिला वाटलं, बाबांनी आईला काहीतरी गोड बोलून तयार केलंय, ते आपण कशाला मोडा. तिचा माझ्यावर विश्वास आहे, हा तिचा एकच दोष.

एका माणसाला मी मुद्दाम विचारलं नव्हतं. आमच्या खालच्या मजल्यावर मूळचा भाईंदरजवळच्या मुर्ध्याचा एक गृहस्थ राहतो, सगळे त्याला भाऊ म्हणतात. घरची होडी होती, पण हा तरुणपणी मालवाहू बोटींवर गेला आणि तीस वर्षं जगभर फिरून परत आला. त्याला वेळ विचारली तरी तो सिंगापूरपासून सुरुवात करतो. म्हणून म्हटलं, राहू दे.

बायको गेली. विमानतळाच्या दारातून आत जाताना तिने मागे वळून बघितलं आणि "गॅस बंद केलाय ना?" विचारलं. तिच्या हातातल्या पिशवीत दोन चपात्या आणि बटाट्याची कोरडी भाजी होती. पावणेसहा तासांना पुरेल एवढी. पाण्याची बाटली नव्हती. दुपारी तीनचा अर्धा कप चहा, त्यानंतर थेंब नाही.

सकाळी मी आंघोळ करून, चहा पिऊन, फोन समोर ठेवून बसलो. सातदहा झाले. साडेसातपर्यंत मी कळ काढली, मग मुलीला फोन लावला.

"पोचली का आई?"

"कुठे?" मुलगी म्हणाली.

"कुठे म्हणजे? तिकडे."

"बाबा, विमान सकाळी सातला येणार आहे. इथे आत्ता रात्रीचे दहा वाजलेत. अजून नऊ तास आहेत. तुम्ही झोपला नाहीत का रात्री?"

मी म्हणालो, "हो हो, सहज केला फोन. तू झोप." आणि फोन ठेवला. ती पडून राहायला हवी होती. तिला मी काय सांगणार होतो? नऊ तास. गेलेले सहा, राहिलेले नऊ. त्याच्या आधी दुपारी तीनपासूनचे दहा. मी बोटांवर मोजलं, मग कागदावर मोजलं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझी बेरीज चुकलेली हवी होती. ती नेमकी बरोबर निघाली. पंचवीस तास पाण्याशिवाय. बायकोचं वय एकोणसाठ. रक्तदाबाची गोळी सकाळी आठला, आणि ती कोरडी गिळता येत नाही.

मी विमान कंपनीच्या चौकशीच्या नंबरवर फोन लावला. बरीच बटणं दाबल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली.

"मॅडम, हमारी मिसेस आपके विमान में है. उनको बोलना है, पानी पियो."

"सर, पानी तो क्रू देता है."

"वो नहीं लेगी. उनको लगता है विमान पहुँच गया."

"सर, उड़ती फ्लाइट में हम मैसेज नहीं दे सकते. मैडम को कोई मेडिकल प्रॉब्लम है क्या?"

"मैडम को नहीं," मी म्हणालो. "उनके मिस्टर को है."

तिने मला थांबायला सांगून संगीत लावलं. त्या संगीतातच फोन तुटला.

मग मात्र मी खाली गेलो. भाऊ मासळीबाजारातून मांदेली घेऊन नुकताच आला होता. पिशवी हातातच होती. मी दारातच सगळं सांगून टाकलं. तो आधी हसला. भिंतीला हात टेकून हसला. बायकोला आतून हाक मारून तिला सांगितलं आणि पुन्हा हसला.

"अरे टायमकीपर, बोट पच्छिमेला चालली की कॅप्टन आमचा घड्याळ मागं करायचा. दोन-चार दिसांनी एक तास मागं. आमची ड्युटी तेवढी लांबायची. आमी शिव्या घालायचो. ज्या गावात उतरायचं, घड्याळ त्या गावाचा. मना विचारायचा व्हता तू."

"चुकलं," मी म्हणालो. "पण भाऊ, तिने कालपासून पाणी प्यायलेलं नाही."

तो हसायचा थांबला. पिशवी बायकोच्या हातात दिली आणि मला आत बसवलं. "ती विचारंल कोनाला तरी. तोंड हाय ना तिला."

"तोंड आहे, पण ती विचारणार नाही. माझ्या शब्दावर बसलीये ती."

"मंग कठीण हाय," तो म्हणाला.

त्याने आपल्या फोनवर विमानाचा नकाशा काढला. एवढंसं पिवळं विमान युरोपच्या वर कुठेतरी चिकटून बसलं होतं. हलत नव्हतं. मागे कापलेली रेघ, पुढे न कापलेली, आणि पुढची जास्त लांब. त्या विमानात कुठेतरी कानाला स्कार्फ बांधून, आवळासुपारी चघळत माझी बायको बसली होती. आणि कदाचित आत्ता, या मिनिटाला, पावणेसहा कधीच झाले, मग उतरवत का नाहीत, असं मनात म्हणत होती. एकदा गाडी तिला टाकून गेली होती, आता गाडी तिला उतरवतच नव्हती. दोन्ही वेळी ती माझ्या भरवशावर होती.

मी तिथेच ठरवलं, ती उतरेपर्यंत आपणही पाणी प्यायचं नाही आणि बाथरूमला जायचं नाही. भाऊच्या बायकोने चहा आणला तो परत पाठवला. वर येऊन खुर्चीत ताठ बसलो. नऊ वाजले, दहा वाजले. घसा कोरडा पडला. सकाळच्या चहाने आपली हजेरी लावायला सुरुवात केली. मी एक पाय दुसऱ्यावर टाकला, मग दुसरा पहिल्यावर. अकराला खोलीत फेऱ्या घातल्या. साडेअकराला हरलो. जे करायचं ते करून, फ्रिजमधली अख्खी बाटली संपवून बाहेर आलो. माझे झाले चार तास. तेही घरात, पंख्याखाली. ती दहा तास बसायची, आणि शेजारी मी वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर उतरून शेंगा खायचो. तीस वर्षांत हे मोजायचं मला सुचलं नव्हतं.

दुपारी पावणेपाचला भाऊने खालून आरोळी दिली, "उतरला!" म्हणजे विमान उतरलं. ती उतरली की नाही, कशी उतरली, हे नकाशा सांगत नाही. तिला घ्यायला गेलेल्या जावयाचा फोन लागेना. साडेपाच, सहा, सात. भाऊ वर येऊन बसला. त्याने तळलेली मांदेली आणली होती. मी हात लावला नाही. त्याने लावला.

आठच्या सुमाराला मुलीचा फोन आला. मी स्पीकर चालू केला, भाऊलाही ऐकू जावं म्हणून.

"आली आई घरी. घ्या, आईशी बोला."

"बोला," बायको म्हणाली. आवाज खणखणीत.

"बरी आहेस?"

"बरी आहे. ही पडून आहे, मी भात टाकलाय."

"अगं, तू पाणी..."

"ऐका आधी. सात वाजून दहा मिनिटांनी मी उठले. स्कार्फ सोडला, चपला घातल्या, वरची पिशवी काढली. बाहेर बघते तर काळोख. म्हटलं, अमेरिकेत उशिरा उजाडत असेल. ती बाई धावत आली, बैठिए बैठिए करायला लागली. मला वाटलं गाडी बंद पडली. मग शेजारच्या गुजराती बेननी हाताला धरून बसवलं. म्हणाल्या, बेन, हजी तो अडधुं पण नथी थयुं. अजून निम्मंही झालं नव्हतं."

खोलीत भाऊने खाणं थांबवलं.

"मग?"

"मग काय? दहा मिनिटं तशीच बसले. तुमचा विचार केला."

"काय विचार केलास?"

"ते मुलीसमोर सांगत नाही. मग बेनना म्हटलं, चलो, संडास बताओ. त्यांनी कडी कशी लावायची ते दाखवलं. आत दिवा आपोआप लागतो. मोठा आवाज होतो, घाबरायचं नाही. आले ती तीन ग्लास पाणी प्यायले, गोळी घेतली. नंतर आणखी दोनदा जाऊन आले."

"एकटी?"

"एकटी. आणि परत आले तर सगळे आपापल्या जागेवर होते." ती म्हणाली. "कोणी कुठे गेलं नव्हतं."

भाऊ माझ्याकडे न बघता फोनकडे वाकून ओरडला, "वैनी, शाब्बास!"

"कोण, भाऊजी? यांना जेवायला घाला तिकडे," ती म्हणाली.

मी फोन जवळ ओढला. "अगं, माझं जरा चुकलं. तिकिटावर तिकडची वेळ होती. मी आपला नेहमीसारखा बाहेरच्या वेळेतून आतली..."

"जरा?" बायको म्हणाली. मागे मुलगी हसत होती, बऱ्याच महिन्यांनी मोकळी हसत होती. "तो तुमचा कारखाना का बंद पडला, ते मला आज कळलं."